रोज थोडं, पण त्याच पुस्तकातलं

प्रिय बाबू,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला. "काकाजी, दरवर्षी जानेवारीत बायबल सुरू करतो आन् फेब्रुवारीत बंद पडते, माझ्यातच काही खोट आहे का" असं लिहिलं. खोटबिट काही नाही रे. तू कुठं अडकतो ते मी न विचारता सांगतो. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, किती हात लांब, किती हात रुंद, पडदे किती, कड्या किती, आन् ते कसंबसं ओलांडलं की पुढं लेवीय, नियमांचं पुस्तक, उभंच आहे. उत्पत्तीत योसेफाची गोष्ट वाचताना रात्रीचे बारा वाजले तरी कळत नाही आन् इथं दहा ओळीत डोळे मिटतात. सगळ्यांचंच होते. त्यात ते वर्षाचं टाइमटेबल! बायबलात 1189 अध्याय, त्याला 365 नं भागलं तर रोज सव्वातीन अध्याय. पहाटे भरतीसाठी पळणारा आन् दिवसभर वावरात राबणारा पोरगा रोज सव्वातीन अध्याय कधी वाचेल? दोन दिवस चुकले की साडेसहा अध्यायांची उधारी, चार दिवस चुकले की तेरा, मग माणूस त्या पुस्तकाकडं पाहायचंच टाळते.

म्हणून माझं एक ऐक. टाइमटेबल ठेव बाजूला. एक पुस्तक पकड, लहान, आन् ते संपेपर्यंत तिथंच राहा. आज जिथं थांबला तिथूनच उद्या. सवय आळसानं मोडते असं सगळे म्हणतात, मला तसं वाटत नाही, मी इतकी वर्षं पोरांना पाहून राहिलो, ती मोडते "आज काय वाचू" या प्रश्नानं. पुस्तक उघडायचं, पानं चाळायची, कुठं तरी स्तोत्र, कुठं तरी प्रकटीकरण, दोन वचनं इथली दोन तिथली, मन कुठंच लागत नाही, आन् दुसऱ्या दिवशी ओढ वाटावी असं मागं काहीच उरलेलं नसते. गोष्ट अर्ध्यावर सुटली असली तर माणूस आपोआप परत येते. सिरीयलवाल्यांना हे बरोबर माहीत आहे.

मार्कपासून सुरू कर. सोळाच अध्याय आहेत, चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांत, सगळ्यात लहान, रोज अर्धा अध्याय वाचला तरी महिन्याभरात होते. आन् हळू वाच. पाचवा अध्याय घे. याईर, सभास्थानाचा अधिकारी, येशूच्या पाया पडून सांगते की माझी पोरगी मरायला टेकली, चला. निघाले. वाटेत गर्दीत ती बाई मागून येऊन वस्त्राला हात लावते, बारा वर्षं तिला रक्तस्राव. येशू थांबते, मला कोण शिवलं म्हणते, शिष्य म्हणतात एवढी गर्दी अंगावर पडून राहिली आन् कोण शिवलं काय विचारता. मग ती बाई पुढं येते आन् सगळं खरं खरं सांगते. आता इथं जरा थांब आन् याईराकडं पाहा, त्याच्याबद्दल एक शब्द नाही लिहिलेला पण तो तिथंच उभा आहे, घरी पोरगी जायच्या मार्गावर आन् इथं ह्या बाईचं बोलणं चालू. तेवढ्यात घरून निरोप, पोरगी गेली. पुढचं, येशू तिला जिवंत करते ते, तुला संडे स्कूलपासून माहीत आहे, पण ती पोरगी किती वर्षांची होती हे आठवते का? बारा. बाईचं दुखणं बारा वर्षांचं आन् पोरगी बारा वर्षांची. आन् पोरगी उठल्यावर सगळे थक्क होऊन उभे असताना येशू काय सांगते, हिला काही खायला द्या. मला ते वाक्य फार आवडते. एवढं मोठं झाल्यावर त्याच्या ध्यानात पोरीची भूक आहे.

घाईत अध्याय संपवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. तू तर शेतकऱ्याच्या घरचा, तुला शहरातल्या वाचणाऱ्यापेक्षा जास्तच दिसेल. सहाव्या अध्यायात पाच हजार लोकांना हिरव्या गवतावर बसवलं असं आहे. हिरवं का? येशूच्या देशात पाऊस आपल्यासारखा जूनला नाही, हिवाळ्यात पडते, आन् योहानाचं शुभवर्तमान त्याच गोष्टीत सांगते की यहुद्यांचा वल्हांडण सण जवळ आला होता, म्हणजे वसंताचे दिवस. जुळते की नाही? चौथ्या अध्यायात बी आपोआप उगवायची गोष्ट आहे, ती दुसऱ्या कोणत्याच शुभवर्तमानात नाही. माणूस पेरते, रात्री झोपते, सकाळी उठते, आन् बी रुजून वर येते, कसं ते त्याला कळत नाही. पेरणी करून आभाळाकडं पाहणाऱ्या माणसाला ते समजावून सांगायची गरज नाही.

आता तुझ्या स्टेटसबद्दल बोलतो, राग मानू नको. भरतीचा फॉर्म भरला तेव्हापासून फिलिप्पैकरांस पत्रातलं ते वचन ठेवून राहिला, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो. ठेव, चांगलंच आहे. पण ते पूर्ण पत्र एकदा सलग वाच, चारच अध्याय आहेत, वीस मिनिटं लागत नाहीत. पौल, येशूचा प्रेषित, ते कैदेत असताना लिहून राहिला. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हातून मदत पाठवली, तो बिचारा आजारी पडून मरता मरता वाचला, आन् पौल त्या मदतीबद्दल आभार मानत आहे. त्या वचनाच्या अगदी आधी तो काय म्हणते पाहा, मला उपाशी राहताही येते आन् पोटभर असताना राहताही येते, कमी पडलं तरी जमते, जास्त असलं तरी जमते. म्हणजे सोळाशे मीटर नक्की निघेल असा तो वायदा नाही. नाही निघालं, लिस्टमध्ये नाव नाही आलं, तरी तू मोडून पडणार नाहीस, असं ते आहे. मला तर हे जास्त मोठं वाटते. सुट्टं वचन आपल्याला पाहिजे ते बोलते, पत्र वाचलं की पौलाला काय म्हणायचं होतं ते कळते.

पेन्सिल घे एक. साधी. ना. वा. टिळक, कवी, तुला पुस्तकात होते ना, ते आपल्या नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जात होते, डब्यात एका गोऱ्या साहेबाशी गप्पा झाल्या आन् त्यानं जाताना नवा करार हातात दिला. टिळकांना काही तेव्हा ख्रिस्ती व्हायचं नव्हतं, वाचीन म्हणून शब्द दिला म्हणून वाचायला बसले. कोणतंही पुस्तक वाचताना चांगल्या जागी पेन्सिलीनं खूण करायची त्यांची सवय, तीच इथं लावली. मत्तयच्या पाचव्या अध्यायाशी आले, डोंगरावरचं प्रवचन, आन् तिथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी सांगतो ते पेन्सिलीचं. जे भिडलं त्याला रेघ, जे समजलं नाही त्याला प्रश्नचिन्ह, आन् जिथं थांबला तिथं तारीख. प्रश्नचिन्हं जास्त झाली तर चांगलंच. आपल्याकडं पास्टर महिन्यातून दोन रविवार येतात, त्यांनाही चार गावं पाहायची असतात, तर ते आले की चहाच्या वेळी पुस्तक उघडून एक प्रश्न विचार. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात तो कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत असते, फिलिप्प विचारते वाचता ते समजते का, तो सरळ म्हणते कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल. एवढा मोठा अधिकारी, लाजला नाही. यवतमाळला सेमिनरी, म्हणजे पास्टर घडवणारी शाळा, होती, 1953 ला सुरू झाली, 1983 ला पुण्याला गेली, आता शिकायचं तर तिकडं जावं लागते, पण वाचायला आन् विचारायला सेमिनरी लागत नाही.

वेळ कोणती? पळून आल्यावर घाम वाळेपर्यंत तू ओट्यावर बसतोच, तीच. नवीन वेळ काढायच्या भानगडीत पडू नको, पहाटे चारला उठून वाचीन वगैरे कोणाला लिहूनही देऊ नको. बायबल खिडकीत ठेव, पेटीत नाही. मोबाइलवर वाचलं तर पाप नाही, पण त्यात रील आहे, हे तुला मी काय सांगू. रात्री वावरात जागलीला जातो तेव्हा मात्र मोबाइल कामाचा, मराठी ऑडिओ लावून ठेव, डुकरांनाही कळू दे कोणी जागं आहे म्हणून. पण ऑडिओतही तेच, जो अध्याय सकाळी वाचला तोच लाव.

सोयाबीन कापणीत आन् कापसाच्या वेच्यात हे सगळं कोलमडणार, धरूनच चाल. तेव्हा मार्क-बिर्क बंद, स्तोत्रसंहिता घे, रात्री भाकर झाली की एक लहान स्तोत्र. एकशे सतरावं तर दोनच वचनांचं आहे. एकशे एकोणिसाव्याच्या नादी त्या दिवसांत लागू नको, 176 वचनं आहेत. आन् सुटलेले दिवस भरून काढायचे नाहीत, अजिबात नाही. जिथं तारीख टाकली तिथून पुढं.

अजून एक, आजीला मोठ्यानं वाचून दाखव. तिला अक्षर दिसत नाही आता पण पाठ बम आहे, तू चुकीचं वाचलं की लगेच टोकेल. आन् तुझा नागा झाला तर ती विचारेल, मी इथून किती विचारणार. जुन्या भाषांतराची भाषा तिला ओळखीची आहे, तुला जड जात असेल तर सोप्या मराठीतलं बाजूला ठेव, दोन्ही चालतात.

वाचायच्या आधी फार मोठी प्रार्थना नको. माझे डोळे उघड, एवढं म्हण, ते पण एकशे एकोणिसाव्यातच आहे, तेवढं एक वचन घेतलं तर चालेल.

मार्कच्या पाचव्या अध्यायापर्यंत आला की मला फोन कर, याईर त्या वेळी काय विचार करत असेल असं तुला वाटते ते सांग, माझ्या मनात एक आहे पण आधी तुझं ऐकीन. आन् ग्राउंडची तारीख आली की लगेच कळव, त्या रविवारी मंडळीत नाव घेऊ. बुटाचा तळ गेला म्हणत होता, तो आधी बदल.

तुझा,
काकाजी