रशियातील भूमिगत रॉकमधला सर्वांत विक्षिप्त बँड कोणता, आणि त्याचा प्रभाव आजही टिकून आहे का?

या प्रश्नाला रशियन रॉकचे जाणकार निरनिराळी उत्तरे देतील. कोणी लेनिनग्राडच्या सेर्गेई कुर्योखिन यांच्या 'पॉप-मेखानिका'चे नाव घेईल, ज्याच्या कार्यक्रमांत वाद्यवृंदाच्या जोडीला रंगमंचावर जिवंत प्राणीही आणले जात. माझे उत्तर मात्र मॉस्कोचा 'झ्वुकी मू' हे आहे. कुर्योखिन यांचा विक्षिप्तपणा विचारपूर्वक योजलेला असे. झ्वुकी मूचा विक्षिप्तपणा प्योत्र मामोनोव या एका माणसाच्या आवाजात आणि देहात मुरलेला होता, त्यामुळे तो कोणालाही उचलता आला नाही. त्याच्या प्रभावाचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागते.

मामोनोव यांचा जन्म 1951 मधला. बॉयलरवर राखणदारी करणे, लिफ्ट चालवणे, नॉर्वेजियन आणि इतर भाषांतून कवितांचे अनुवाद करणे अशी कामे ते करत आणि दारूही भरपूर पीत. तरुणपणी एका मारामारीत त्यांच्या छातीत हृदयाजवळ कानस खुपसली गेली होती आणि त्यातून ते कसेबसे वाचले. त्यांची स्वतःची गाणी आधी मित्रांच्या घरगुती बैठकींपुरतीच होती. सावत्र भाऊ अलेक्सेई बोर्तनिचुक गिटारवर साथ करत. 1980 च्या दशकाच्या आरंभी शाळेपासूनचे मित्र अलेक्झांडर लिप्नित्स्की त्यांना येऊन मिळाले, आणि तेव्हा बास गिटार वाजवता येत नसतानाही तिशी ओलांडल्यावर त्यांनी ती हाती घेतली. लिप्नित्स्की यांचे सावत्र वडील विक्तोर सुखोद्रेव हे ख्रुश्चेव आणि ब्रेझनेव यांचे इंग्रजीचे दुभाषी होते, त्यामुळे इतरांना दुर्मीळ असलेल्या पाश्चात्त्य तबकड्या त्यांना मिळत. मॉस्कोबाहेरच्या निकोलिना गोरा या प्रतिष्ठितांच्या वसाहतीत त्यांचे उन्हाळी घर होते. तालमी तिथेच होत, आणि व्यवस्थेला नको असलेल्या गायकांची ये-जाही तिथेच असे. सोव्हिएत रॉक म्हणजे केवळ तळघरांतल्या गरीब तरुणांचे बंड, हा समज या एका घराच्या उदाहरणाने ढळतो. पावेल खोतिन (कीबोर्ड) आणि अलेक्सेई पावलोव (ड्रम) यांच्या येण्याने संच पूर्ण झाला.

पहिला कार्यक्रम जानेवारी 1984 मध्ये, मामोनोव आणि लिप्नित्स्की ज्या शाळेत शिकले होते तिथेच झाला. त्यानंतर लगेचच, सोव्हिएत नेते चेर्नेन्को यांच्या अल्पकाळच्या राजवटीत, सरकारमान्य नसलेल्या बँडांच्या याद्या निघाल्या आणि कार्यक्रम करणे अवघड झाले. 'मेलोदिया' ही एकच सरकारी कंपनी तबकड्या काढत असे. बाकी सारे संगीत रिळांच्या टेपवरून टेपवर उतरवून हातोहात फिरत होते. 1985 मध्ये मॉस्कोत 'रॉक लॅबोरेटरी' ही अर्धसरकारी संस्था निघाली आणि तिच्या छत्राखाली या बँडला उघडपणे गाता येऊ लागले.

लेनिनग्राडचे रॉक गायक बोरिस ग्रेबेन्शिकोव किंवा विक्तोर त्सोय यांच्या गाण्यांत कवी असतो, नायक असतो, निदान कोणीतरी ताठ मानेने उभा असतो. मामोनोव यांच्या गाण्यांतला माणूस मात्र शहरातला सर्वांत क्षुद्र माणूस आहे: दारुडा, प्रेमात लाचार, वर्तमानपत्रांच्या स्टॉलशी बांधलेला. एका गाण्यात माशी ही रोगाचा उगम असल्याचे आरोग्यखात्याच्या फलकासारखे वाक्य येते आणि पुढच्याच क्षणी तो उगम म्हणून प्रेयसीकडे बोट दाखवले जाते. दुसऱ्यात एक करडे कबूतर आपण घाणेरडे, हडकुळे, सर्वांहून निरुपयोगी असल्याची कबुली देते आणि तरीही आपल्याला उडता येते, असे सांगते. शब्द अगदी साधे, काही ठिकाणी निरर्थक, आणि चालही एकाच ठेक्यावर घोटाळणारी. पण नीटनेटका सूट घातलेले मामोनोव एखाद्याच्या अंगात यावे तसे हातपाय झटकत, तोंड वासून, डोळे फिरवत उभे राहिले की ऐकणाऱ्याला हसावे की घाबरावे हे कळेनासे होई. यात विनोद होता, पण टिंगल नव्हती. त्या क्षुद्र माणसाकडे वरून पाहण्याची सोय ते श्रोत्याला ठेवत नसत.

टॉकिंग हेड्स आणि यू-टू यांच्या अल्बमांचे निर्माते ब्रायन इनो यांना या बँडने भुरळ घातली आणि त्यांच्या निर्मितीखाली 1989 मध्ये 'झ्वुकी मू' नावाचा अल्बम पाश्चात्त्य बाजारात आला. पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे गोर्बाचेव यांच्या सुधारणांच्या, काळात रशियन कलेविषयी तिकडे कुतूहल होते, परदेश दौरेही झाले. तरी अल्बमने तिथे फारसे मूळ धरले नाही. याचे कारण मला उघड दिसते: भाषा न कळणाऱ्या आणि रंगमंचावरचा माणूस न दिसणाऱ्या श्रोत्याच्या हाती उरतो तो बऱ्यापैकी नीरस पोस्ट-पंक (पंकनंतरचा प्रयोगशील रॉक). त्याच वर्षाच्या अखेरीस मामोनोव यांनी मूळ संच मोडला. पुढे तेच नाव घेऊन त्यांनी इतरांसोबत आणि एकट्यानेही काम केले, 2015 मध्ये 'संपूर्ण नवे झ्वुकी मू' अशा नावाने एक संच उभा केला. जुन्या सहकाऱ्यांचाही 2012 पासून 'ओतझ्वुकी मू' हा वेगळा बँड होता.

प्रभावाचे म्हणाल, तर मामोनोव यांच्यासारखे गाणारे मला कोणी सापडत नाही, आणि ज्यांनी तसा प्रयत्न केला ते केविलवाणे वाटतात. टिकून राहिली ती त्यांनी दिलेली मोकळीक. रशियन रॉकने इंग्रजी चालींवर रशियन कविता बसवायची ही त्या काळची रीत होती; बोलण्यातले अडखळणे, दारुड्याची बडबड, रांगेतले पुटपुटणे हेच संगीत होऊ शकते हे या बँडने दाखवले. 1997 मध्ये निघालेल्या 'लेनिनग्राड' या अतिलोकप्रिय बँडचा शिवराळ, पिऊन तर्र असलेला नायक मला याच घराण्यातला वाटतो, फक्त त्याच्यात मामोनोव यांच्या नायकाची भीती उरलेली नाही.

दुसरा प्रभाव चित्रपटांतून पसरला, आणि बँडचे नावही न ऐकलेल्या लाखो रशियनांपर्यंत तोच पोहोचला. पावेल लुंगिन यांनी 'टॅक्सी ब्लूज'मध्ये मामोनोव यांना दारुड्या सॅक्सोफोनवादकाची भूमिका दिली आणि 1990 च्या कान महोत्सवात लुंगिन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. दरम्यान मामोनोव ऑर्थोडॉक्स श्रद्धेकडे वळले आणि मॉस्को सोडून खेड्यात राहू लागले. 2006 च्या 'ओस्त्रोव'मध्ये त्यांनी उत्तरेकडच्या एका मठात भट्टीत कोळसा घालणाऱ्या, अपराधाच्या ओझ्याने वाकलेल्या विक्षिप्त साधूची भूमिका केली. अनेकांना हा साधू आणि तो जुना गायक दोन वेगळे लोक वाटतात. मला तसे वाटत नाही. सर्वांहून वाईट असल्याची कबुली देणारे कबूतर आणि हा साधू यांची भाषा एकच आहे. रशियन परंपरेत देवासाठी वेडे झालेल्या 'युरोदिवी' संतांना जे स्थान आहे, त्याच्या जवळपास मामोनोव गाताना आधीच पोहोचले होते.

2021 च्या मार्चमध्ये लिप्नित्स्की मॉस्क्वा नदीच्या बर्फावर स्की करताना बर्फ फुटून बुडाले आणि जुलैमध्ये मामोनोव कोविडने गेले. तुम्हाला ऐकायला सुरुवात करायची असेल, तर इनो यांच्या अल्बमऐवजी 1988 चा, संगीतकार वसिली शुमोव यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेला 'प्रोस्तिये वेश्ची' आधी ऐका, आणि शक्य असेल तर त्या काळातल्या एखाद्या कार्यक्रमाचे चित्रण त्याच्याही आधी पाहा.