कंपन्या आहेत ना, मग पिकांच्या जीनोमवर सरकारचा पैसा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाताचा जीनोम, म्हणजे त्याच्या पेशीतला सगळा आनुवंशिक मजकूर, कंपन्यांनी आधीच वाचला होता, तर दहा देशांनी सरकारी पैशाने तेच काम पुन्हा का केलं? आणि आता तुरीसारख्या पिकावर आपल्या कराचा पैसा का?

पहिलं विधान बरोबर आहे. मोन्सँटो या बियाणे कंपनीने २००० मध्ये भाताचा कच्चा मसुदा तयार केला होता आणि तो दहा देशांच्या सरकारी प्रकल्पाला वापरायला दिलाही. सिंजेंटा या दुसऱ्या कंपनीने २००२ मध्ये आपल्या मसुद्यावर 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत निबंध छापला, पण माहिती जेनबँक या सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीसाठ्यात ठेवली नाही. ती मिळणार कंपनीच्या अटींवर. त्यावर तेव्हा बराच गदारोळ झाला होता. जपानच्या पुढाकाराने चाललेल्या त्या सरकारी प्रकल्पाला मात्र २००५ उजाडलं. उशीर झाला खरा, पण डीएनएच्या सुमारे ३८.९ कोटी अक्षरांच्या जीनोमचा जवळपास ९५ टक्के भाग व्यापणारा तो अनुक्रम कच्चा नव्हता आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येत होता. त्यात अकराव्या गुणसूत्राचा एक भाग आपल्याकडे, दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमध्ये आणि दिल्लीतल्याच पुसा इथल्या कृषी संशोधन केंद्रात वाचला गेला.

आता नफ्याचं गणित बघा. ओडिशात एफआर१३ए नावाचा जुना भात आहे, पुरात बुडाला तरी तग धरणारा. त्याचा हा गुण नवव्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ च्या सुमारास कळलं, नेमकं जनुक सापडलं २००६ मध्ये आणि तो गुण उतरवलेला 'स्वर्णा सब-१' हा भात भारतात प्रसारित झाला २००९ मध्ये. साधारण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो पुन्हा फुटतो. हे काम कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं आणि फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांचं. भात स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणारा, म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी घरचंच बी पेरतो. अशा वाणासाठी दहा-बारा वर्षं कोणती कंपनी थांबेल? त्यांचं लक्ष मका आणि कापसाच्या संकरित बियाण्यावर, आणि धंदा म्हणून ते चुकीचं नाही.

तुरीचंही तेच. २०११ मध्ये दोन गटांनी तिचा जीनोम वाचला, एक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, दुसरा हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने. दोघांनीही वाण घेतलं 'आशा', मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) आणि वांझ रोगाला दाद न देणारं. विदर्भ-मराठवाड्यात तुरीच्या उभ्या ओळी वाळताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या निवडीचं महत्त्व सांगायला नको.

पण सरकारी पैसा जातो कसा, याबद्दल माझी तक्रार आहे. जीनोम उलगडला की बातमी होते, सत्कार होतो. त्यानंतरचं काम कंटाळवाणं: मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या वाफ्यात शेकडो वेगवेगळ्या वाणांच्या ओळी पेरायच्या, कोणती झाडं मेली आणि कोणती जगली हे हाताने नोंदवायचं, मग ते मार्करशी, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणांशी, ताडून बघायचं. तुरीचा हंगाम वर्षातून एकच. तीन वर्षांच्या प्रकल्पात तीन हंगाम मिळतात, त्यातला एखादा पावसात जातो. निधी संपला की नोंदी ठेवणारा मुलगा दुसरी नोकरी धरतो आणि वाफा पडीक राहतो. वाफ्यातल्या नोंदी नसतील तर संगणकातल्या अक्षरांवरून रोगाला टिकणारं वाण निवडता येत नाही. शिवाय नवं वाण निघालं तरी त्याच्या निरनिराळ्या केंद्रांवरच्या चाचण्या आणि बीजोत्पादन यांत आणखी काही वर्षं जातात. त्यांचा खर्च जीनोमच्या अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही.

अनुक्रम वाचणं आता इतकं स्वस्त झालंय की प्रत्येक विद्यापीठाने त्यासाठी महागडं यंत्र घ्यावं असं मला वाटत नाही. ते काम खुशाल खासगी प्रयोगशाळेकडून करून घ्या, फक्त माहिती खुली राहील अशी अट घाला. वाचलेल्या पैशातून बदनापूर, अकोला अशा कृषी संशोधन केंद्रांवर रोगाचे वाफे सांभाळणारी माणसं कायम नेमा. तीन वर्षांच्या कंत्राटावर नकोत.