एसीचा कुबट वास : फिल्टर बदलूनही जात नसेल तर

तुम्ही लिहिलंय की गाडीतला एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं ओल्या फडक्यासारखा वास येतो, मग तो विरतो. फिल्टर बदलला, परफ्यूम लावला, आठवड्याभरात वास परत हजर. दुखणं फिल्टरमध्ये नसून त्याच्या पुढे, कूलिंग कॉईलवर आहे असं मला वाटतं.

डॅशबोर्डच्या आत बसलेली ही कॉईल थंडगार असते. हवेतली वाफ तिच्यावर थंड होऊन पाणी बनते आणि खालच्या नळीतून गाडीखाली टपकते. आपण गाडी बंद केली की कॉईल ओलीच राहते. वर धूळ, आत अंधार. बुरशी आणि जिवाणूंना याहून काय हवं! वाहत्या हवेत वास विरतो, म्हणून तो सुरुवातीलाच जास्त जाणवतो. परफ्यूमने त्यावर फक्त झाकण बसतं. थोड्या दिवसांनी दोन्ही वास एकत्र येतात आणि ते मिश्रण जास्त मळमळ आणणारं असतं.

कॉईल साफ करायच्या आधी पाणी नीट निघतंय का ते बघा. दमट हवेत एसी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून गाडी उभी करा आणि खाली पाणी ठिबकतंय का पाहा. ठिबकत नसेल तर ड्रेनची नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी. माझ्या जुन्या गाडीत हेच झालं होतं. मी दोनदा फिल्टर बदलला, तिसऱ्यांदा सीटा धुऊन घेतल्या. शेवटी चालकाशेजारच्या सीटपुढची मॅट उचलली, तर खालचं कार्पेट पिळून पाणी निघावं इतकं भिजलेलं. नळीच्या तोंडाशी मातीचा गोळा बसला होता. तो काढल्यावर भसकन पाणी आलं. कार्पेट मात्र उचलून, खालचा फोमसुद्धा खडखडीत वाळवावा लागला. ते ओलं ठेवून बाकी कितीही साफसफाई केली तरी वास जात नाही. नळीत टोकदार तार घालू नका, लवचिक प्लास्टिकची बारीक काडी पुरते.

नळी मोकळी असेल तर कॉईलसाठी मिळणारा फोम क्लीनर आणा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे फिल्टर असतो. तो काढा, इंजिन आणि ब्लोअर (हवा आत ढकलणारा पंखा) बंद ठेवा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे फोमची नळी कॉईलपर्यंत पोचवून फवारा. समोरच्या जाळीतून वरवर मारलेला फोम बहुधा कॉईलपर्यंत जातच नाही. तिथपर्यंत वाट सापडत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. फोम विरघळून मळकट पाणी खालून निघेल. मग सगळे दरवाजे उघडे ठेवून, एसी बंद आणि हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात दहा मिनिटं चालवा. नवा फिल्टर त्यानंतर बसवा, आणि त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण तपासा. ब्लीच चुकूनही वापरू नका. कॉईल अ‍ॅल्युमिनियमची असते, ती खराब होते, आणि त्या वाफा तुमच्याच नाकात जातात.

बोनेट उघडून समोरच्या काचेखालची जाळीही बघा. बाहेरची हवा तिथूनच आत येते, आणि तिथे कुजलेली पानं साचतात. फिल्टरच्या खोबणीत उंदरानं केलेलं घरटंही मी पाहिलंय. मेलेल्या उंदराचा वास मात्र कुबट नसतो, सरळ सडका असतो, आणि गाडी तापली की वाढतो.

वासाचा पोत ओळखणं फार महत्त्वाचं आहे. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं दिसलं तर हीटरच्या कॉईलमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळत असू शकतं. कूलंट विषारी असतं, त्यामुळे ते अंगावर काढू नका. करपट वास आला तर ब्लोअर लगेच बंद करा, वायरिंग किंवा ब्लोअरची मोटर तपासून घ्या. पेट्रोलचा किंवा धुराचा वास आत येत असेल तर काचा उघडा, गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि दुरुस्ती होईपर्यंत चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून थोडा धूरच तर आहे, असं समजणं जिवावर बेतू शकतं.

साफसफाईनंतर एक सवय लावून घ्या. मुक्कामाला पोचण्याच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पण ब्लोअर चालू राहू द्या आणि हवा बाहेरून घ्या. कॉईल बरीचशी सुकते. आतलीच हवा फिरवणारं बटण कायम दाबून ठेवू नका, गाडीतला दमटपणा त्यानं साचत जातो.

आधी मॅटखाली हात घालून बघा. ओलं लागलं तर फोम आणायची घाई करू नका. नळीपासूनच सुरुवात करा.