गेमच्या कल्पना सांभाळायला कोणतं टूल घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एकट्यानेच गेम बनवताय, कल्पना वहीत, फोनमध्ये आणि स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये पसरल्यात, आणि नोंदी आणि कामं सांभाळायच्या नोशन, ऑब्सिडियन, ट्रेलो या ॲपपैकी एक काय ते ठरवायचंय. थोडक्यात उत्तर: ऑब्सिडियन घ्या, जोडीला एक स्प्रेडशीट ठेवा, ट्रेलोचं नाव तूर्त काढू नका. पण गेम कसला आहे यावर हे उत्तर बदलतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन ॲपमध्ये कल्पनांचा भलामोठा तक्ता उभा केला होता. प्रत्येक कल्पनेला प्रकार, प्राधान्य, मूड, 'किती मजा येईल' याचे दहापैकी गुण आणि वर रंगीत टॅग. दोनशेच्या वर नोंदी झाल्या. रोज रात्री तासभर टॅग सारखे करायचो आणि आज गेमचं काम झालं या समाधानात झोपायचो. गेममध्ये तोवर एक चौकोन डावीकडून उजवीकडे सरकत होता, बस्स. नमनालाच घडाभर तेल! पुढे तो तक्ता चाळला तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त नोंदी एकाच कल्पनेच्या चुलत बहिणी होत्या, आणि उरलेल्यांत बरीच खोगीरभरती.

चूक ॲपची नव्हती. कल्पना लिहून ठेवणं आणि ती तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहायला कुठलंही टूल चालतं. घोडं अडतं ते तपासताना.

एक उदाहरण देतो. माझ्या एका गेममध्ये खेळाडूच्या हातात कंदील आहे. टिपण एवढंच होतं: 'चालताना तेल जळतं, पळताना जास्त जळतं, तेल संपलं की अंधार.' वाचायला झकास. तीन महिने ते तसंच पडून होतं आणि दर वेळी वाचलं की मला आवडायचं. मग एकदा स्प्रेडशीट उघडून आकडे टाकले. टाकीत तेल १००. चालताना सेकंदाला २ जळतं, पळताना ५. खोली चालत पार करायला ४० सेकंद, पळत २०. म्हणजे चालत गेलं तर ८० तेल जातं, पळत गेलं तर १००, दारातच अंधार. मग पळेल कोण? पळण्याचा खर्च ३ केला तर ६०च लागतं. मग चालेल कोण? ४ केला तर दोन्हीकडे ८०. म्हणजे आकडा कुठलाही धरा, निवड करण्यासारखं काही उरतच नव्हतं, कारण वेळ वाचवून खेळाडूला काहीच मिळत नव्हतं. मागे लागणारं काहीतरी हवं होतं, किंवा पावलांचा आवाज ऐकणारं कुणीतरी. हे मला दहा मिनिटांत त्या शीटने सांगितलं. टिपणाने तीन महिन्यांत सांगितलं नव्हतं.

म्हणून मी आता कल्पनेचा जीव कशात आहे ते आधी बघतो. आकड्यांत असेल तर ती त्याच दिवशी शीटमध्ये जाते. जागेत असेल, म्हणजे भिंत कुठे, दार कुठे, शत्रू कुठून दिसतो, तर चौकटींचा कागद आणि पेन्सिल. खेळाडू म्हणून शर्टाचं एक बटण ठेवायचं आणि सरकवायचं. लेव्हलच्या बाबतीत कागदापेक्षा वेगवान सॉफ्टवेअर मला अजून सापडलेलं नाही.

गोष्टीला फाटे फुटत असतील तर मात्र यातलं काहीच नको, ट्वाइन घ्या. क्रिस क्लिमास यांनी २००९मध्ये आणलेलं हे टूल फुकट आहे. प्रत्येक प्रसंग म्हणजे एक चौकट. मजकुरात शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस टाकले, [[असे]], की त्या नावाची नवी चौकट आपोआप तयार होते, आणि लिहिलेलं लगेच ब्राउझरमध्ये खेळून बघता येतं. एक सावधगिरी: वेबवरच्या आवृत्तीत गोष्ट तुमच्या ब्राउझरमध्येच साठते, ब्राउझरचा डेटा साफ केला की गोष्टही गेली. डेस्कटॉपवरची आवृत्ती घ्या. संवाद खूप असतील आणि चौकटींच्या जाळ्याचा वैताग यायला लागला तर इंक ही अशाच गोष्टींसाठीची लिपी बघा; ते साध्या मजकुरासारखं सलग लिहिता येतं.

आता ऑब्सिडियन का. त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे तुमच्याच संगणकावरची साधी मजकूर फाइल. उद्या ते ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. मी ते फोल्डर गेमच्या कोडशेजारीच ठेवतो आणि दोन्ही गिटमध्ये, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बदल नोंदून ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाकतो, म्हणजे सहा महिन्यांनी 'हा नियम आपण कधी बदलला आणि का' हे शोधता येतं. एका नोंदीतून दुसरीकडे लिंक देणं सोपं आहे. त्यातला तो ठिपक्यांचा आणि रेषांचा आलेख दिसतो देखणा, पण त्याकडे बघून मला आजवर एकही निर्णय घेता आलेला नाही. प्लगिनच्या, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयींच्या, नादाला पहिला महिनाभर तरी लागू नका.

नोशन वाईट नाही. एकच तक्ता कधी बोर्ड म्हणून, कधी कॅलेंडर म्हणून बघता येतो, आणि चित्रकार किंवा संगीतकार सोबत आला की त्याला लिंक पाठवली की झालं. पण एकट्या माणसाला ते रकाने वाढवण्याचा मोह घालतं. वरची माझी कथा वाचलीतच. घेतलंच तर अधूनमधून एक्स्पोर्ट करून ठेवा, मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा घातलेली मजकूर फाइल) आणि तक्ते सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) बाहेर काढता येतात.

ट्रेलोचे रकाने कामासाठी आहेत: करायचं, चालू, झालं. कल्पना हे काम नव्हे. 'पावसात सावल्या बोलतात' असं कार्ड 'करायचं'मध्ये टाकलं की ते वर्षभर तुमच्याकडे डोळे वटारून बघत राहतं. कल्पना तपासून झाली, गेममध्ये घ्यायची ठरली, की मग तिचं कार्ड करा.

शीटबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. तुम्ही गेम बनवायला गोडो हे इंजिन वापरत असाल आणि शीटमधले आकडे सीएसव्ही करून प्रोजेक्टमध्ये टाकले, तर गोडो ती भाषांतराची फाइल समजून बसतं. इम्पोर्ट टॅबमध्ये जाऊन फाइल आहे तशी ठेवायला सांगावं लागतं. माझी त्यात एक आख्खी दुपार गेली होती.

आणि त्या विखुरलेल्या जुन्या कल्पना? सगळ्या उतरवून घेत बसू नका. वही न उघडता आठवतील तेवढ्या एका कागदावर लिहा, त्यातली एक उचला आणि आजच तिचे आकडे मांडून बघा. वही कुठे जात नाही.