गुलाबाची पानं पिवळी पडून गळतायत, तीनदा औषध मारलं तरी फरक नाही, आता काय मारू?

तुम्ही लिहिलंय विजापूर रोडला गच्चीत आठ-दहा कुंड्या आहेत, एप्रिलपासून पानं गळतायत आणि दुकानातून आणलेलं बुरशीनाशक तीनदा मारून झालंय. माझं ऐका, आता काहीच मारू नका, आधी पान उलटं करून बघा.

मी जुळे सोलापुरात राहते, गच्चीवर तीसेक गुलाब आहेत आणि माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके, मग पान तांबूस-राखाडी होऊन गळायचं, मला वाटलं काळा ठिपका हा बुरशीचा रोग आहे म्हणून मी बुरशीनाशकाची पावडर मारत बसले आणि आईने दिलेली देशी गुलाबाची दोन झाडं त्यात गेली, अजून वाईट वाटतं. तो लाल कोळी होता, म्हणजे पानाच्या खालून रस शोषणारी अगदी बारीक कीड. आपल्याकडे पारा ४० च्या वर गेला, हवा कोरडी झाली की तो आठवड्याभरात पिढी वाढवतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके चालायला लागले की समजायचं कोळी आहे. जुनाट असेल तर शेंड्याला बारीक जाळीही दिसते. बुरशीनाशकांपैकी बहुतेक त्याला लागूच पडत नाहीत, आणि साधी कीटकनाशकं मारली तर त्याला खाणारे चांगले किडे मरून तो उलट वाढतो. सकाळी लवकर पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा, अंडी फुटत राहतात म्हणून एकदा मारून भागत नाही. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून. भर उन्हात मारलंत तर पानं करपतील.

आता काळा ठिपका म्हणजे काय तर गोल काळे डाग, कडा झालरीसारख्या फाटलेल्या, भोवती पिवळं, आणि सुरुवात खालच्या पानांपासून. त्याला पान सात-आठ तास तरी ओलं राहावं लागतं, मग सांगा, मे महिन्यात सोलापुरात तो कुठून येणार? तो सप्टेंबरच्या पावसात बघायचा, तेव्हा गळलेली पानं रोज उचलून टाकायची.

पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांत असेल आणि शिरा हिरव्या असतील तर रोगच नाही, लोह मिळत नाहीये. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून झाडांना बोअरचंच जातं, कुंडीच्या काठावर पांढरे क्षार साचतात, माती चुनखडीची होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. यावर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावर हे नाव असतं) घ्या, ईडीटीए वालं स्वस्त असतं पण अशा मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर फारच छान.

भुरी, म्हणजे कोवळ्या पानांवर पांढरी पावडर, गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या सुमारास येते, दिवसा ऊन रात्री थंडी. द्राक्षावरच्या भुरीसारखीच दिसते पण बुरशी वेगळी. तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण आत्ताच्या उन्हात गंधक अजिबात नको, झाड भाजून निघेल.

आणि शेंडे वरून काळे पडत खाली येत असतील तर थांबू नका, आतला गाभा पांढरा-हिरवा दिसेपर्यंत, काळ्या भागाच्या दोन-तीन इंच खाली तिरका काप घ्या, कात्री प्रत्येक झाडाला स्पिरिटने पुसा, कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक दाट कालवून लावा. मोठी छाटणी मात्र आत्ता नाही, ऑक्टोबरात.

कागदावर काय पडलं ते इथेच लिहा, जमलं तर पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, मी बघते.