थ्रो-इनला जाहिरात, कॉर्नरला जाहिरात, मग मॅच बघायची कधी?

टीव्हीवरच्या खेळांबद्दल प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात सांगितलं होतं. कबड्डीपासून टेनिसपर्यंत सगळं येईल असं वाटलेलं, पण बहुतेक पत्रं फुटबॉलमधल्या जाहिरातींवर चिडून लिहिलेली निघाली, म्हणून यावेळी सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत सगळे मिळून रात्रीच्या मॅच बघतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं असतं तरी जागतो. हल्ली बॉल जरा लाइनबाहेर गेला रे गेला की मैदान आकसून कोपऱ्यात जातं आणि खाली नि बाजूला कसलीतरी इलायची, कसलंतरी ॲप. मैदान परत मोठं होईपर्यंत कॉर्नर घेऊन झालेला असतो, परवा तर गोलच अर्धा दिसला, नंतर रिप्लेवर समाधान मानलं. क्रिकेटमध्ये ओव्हर संपली की ॲड येते त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पण इथे खेळ चालू असताना? असं का करतात?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : दादा, क्रिकेटचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, आणि मला वाटतं सगळं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडचे स्पोर्ट्स चॅनल क्रिकेटवर वाढले. आपल्या टीव्हीवर जाहिरातीचा दर दहा सेकंदांचा ठरतो, आणि क्रिकेटमध्ये प्रत्येक ओव्हरनंतर फील्डर जागा बदलतात तेवढ्यात असे दोन-तीन तुकडे आरामात बसतात, विकेट पडली की अजून, आणि आयपीएलमध्ये तर स्ट्रॅटेजिक टाइमआउट म्हणून अडीच मिनिटं वेगळीच काढून ठेवलेली असतात. तो खेळच थांबत थांबत चालतो, त्यामुळे कुणाचं फार बिघडत नाही.

फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं घड्याळ थांबतच नाही. बॉल बाहेर गेला, कुणी पडलं, बदली खेळाडू आला, तरी घड्याळ चालूच, वाया गेलेला वेळ रेफ्री शेवटी वाढवून देतो. म्हणजे जाहिरातीला हक्काची जागा एकच, मधला हाफ टाइम, आणि तोही नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ मिनिटांचा. आता चॅनलने हक्क विकत घेतलेत, पैसे तर काढायचेत, म्हणून मग थ्रो-इन, गोल किक, जखमी खेळाडू असं जिथे बॉल थांबलेला दिसेल तिथे दहा सेकंद घुसवायचे. मॅचचं चित्र बाहेरून तयार होऊन येतं, त्याच्यावर ही पट्टी इथे चढवली जाते. तुम्ही सांगता ती खाली आणि बाजूला अशी एल आकाराची पट्टी, तिला या धंद्यात एल-बँड म्हणतात, नुसती खालची असेल तर ॲस्टन.

पण बॉल थांबला म्हणजे खेळ थांबला हेच मुळात चूक आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. थ्रो-इनच्या आधी कोण कुठे पळतंय, डिफेन्सची लाइन कुठे उभी आहे, फ्री किक पटकन घेणार की भिंत लागेपर्यंत थांबणार, ज्याला फुटबॉल कळतो तो नेमकं हेच बघत असतो. ७ मे २०१९ आठवा, लिव्हरपूल-बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, पहिली मॅच लिव्हरपूल ३-० हरलेलं आणि इथे घरच्या मैदानावर ३-० पुढे. ७९व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, अलेक्झांडर-अर्नॉल्ड कॉर्नरपासून लांब जायला लागल्यासारखा दिसला आणि गर्रकन वळून त्याने बॉल आत मारला, बार्सिलोनाचे डिफेंडर अजून नीट बघतही नव्हते आणि ओरिगीने गोल केला, ४-०, लिव्हरपूल फायनलमध्ये. जाहिरात लावणाऱ्याच्या हिशेबाने ते दहा सेकंद मोकळे होते. त्याच वेळी मैदान आकसून कोपऱ्यात गेलं असतं तर त्या रात्री जागणाऱ्याच्या हाती काय राहिलं असतं सांगा.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्या नादाने मी आणि हे सोमवारी पहाटे उठून सुपर बोल बघतो, म्हणजे तिकडचा हाताने खेळायचा फुटबॉल. नियम थोडे थोडे समजायला लागलेत, पण दर थोड्या वेळाने जाहिरात! मुलगा म्हणतो इथे असंच असतं. एक तासाचा खेळ आणि तीन तासांच्या वर चालतो, हे कसं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : काकू, मुलगा बरोबर सांगतोय. घड्याळाप्रमाणे खेळ ६० मिनिटांचाच, १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर, पण एक चाल काही सेकंदांची आणि पुढच्या चालीची तयारी करायला ४० सेकंदांपर्यंत वेळ, असा तो खेळ आहे. २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकन पेपरने मोजणी केली तर एका मॅचमध्ये प्रत्यक्ष खेळ होतो तो सुमारे ११ मिनिटं, आणि जाहिराती साधारण तासभर. मैदानाच्या कडेला टीव्हीचा एक माणूस खास ब्रेकची खूण करायला उभा असतो, तो सांगेपर्यंत स्टेडियममधले हजारो लोक आणि दोन्ही टीम थंडीत नुसत्या उभ्या.

तिकडच्या लोकांना हे आवडतं असं मात्र समजू नका. टचडाउन झाला, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या टोकापर्यंत नेऊन गुण मिळवला की जाहिरात, लगेच किकऑफ, आणि किकऑफ झाला की परत जाहिरात, यावर तिथले प्रेक्षक इतके वैतागले की २०१७ मध्ये तिथल्या एनएफएल या लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी चाहत्यांना पत्र लिहून बदल जाहीर केला, मॅचमधले ब्रेक २१ वरून १६. ऐकायला छान वाटतं, पण प्रत्येक ब्रेक १ मिनिट ५० सेकंदांवरून २ मिनिटं २० सेकंद झाला. गुणाकार करून बघा, आधी साधारण साडेअडतीस मिनिटं आणि नंतर साधारण सव्वासदतीस. म्हणजे जाहिराती जवळजवळ तेवढ्याच, फक्त तुकडे कमी. तेवढ्यानेही बघणाऱ्याला थोडं बरं वाटतं हे मी मान्य करते, पण त्याला सुधारणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि हे दुखणं जुनं आहे. १९६७ च्या जानेवारीत पहिला सुपर बोल झाला तो दोन चॅनलवर एकदम दाखवत होते, दुसऱ्या हाफचा किकऑफ झाला तेव्हा एक चॅनल अजून ब्रेकमधून परतलाच नव्हता, तर तो किकऑफ रद्द करून परत घ्यायला लावला! त्याच वर्षी मे महिन्यात तिकडच्या नव्या लीगमध्ये, आपल्या फुटबॉलच्या, पायाने खेळायच्या, पिटर ऱ्होड्स नावाच्या रेफ्रीने कबूल केलं की त्याने दिलेल्या २१ फाउलपैकी ११ फाउल टीव्हीला जाहिरात दाखवता यावी म्हणून होते. जाहिरातीसाठी खेळ वाकवायचा म्हटलं की तो शेवटी कुठपर्यंत वाकतो ते यात दिसतं.

प्रश्न : जाहिरात लागली की आवाज एकदम वाढतो, रात्री बाळ उठतं. भास आहे का खरंच?
– एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : भास नाही. जाहिरातीचा आवाज सगळा वेळ वरच्या पट्टीत ठेवलेला असतो, कॉमेंट्री खालीवर होते, त्यामुळे कानाला ती जास्तच मोठी लागते. जाहिरात अति कर्कश नसावी असं आपल्या केबल टीव्हीच्या नियमांत लिहिलेलं आहे. तो पाळला जाईपर्यंत टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम असं काही असेल तर ते चालू करा.

प्रश्न : ताई मी वाकोल्याला राहतो, एफवायला आहे, कॉलेजकडून खेळतो पण. वर्ल्ड कपला प्रत्येक हाफमध्ये पाणी प्यायला तीन मिनिटं ब्रेक असं ऐकलं आणि मित्र म्हणतात हे ॲडसाठीच केलंय. आम्ही तर मे महिन्यात दुपारी पण खेळतो, पाणी पाहिजेच की. मग चूक काय?
– एक वाचक, वाकोला

उत्तर : पाणी पाहिजेच रे, त्यात वाद नाही, आणि तू पण मे महिन्यात दुपारी खेळताना कोच बोलवायची वाट बघू नकोस. २०१४ ला ब्राझीलमध्ये असे ब्रेक होते पण उष्णता आणि दमटपणा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तरच. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी फिफाने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं ते वेगळं आहे, १०४ च्या १०४ मॅचमध्ये, दोन्ही हाफमध्ये, साधारण २२व्या मिनिटाला तीन मिनिटं, हवामान कसंही असो. डॅलस आणि अटलांटाच्या स्टेडियमना छप्पर आहे, आत एसी आहे, तिथेही. कारण खेळाडूंची काळजी असं दिलंय, सगळ्या टीमना सारखी परिस्थिती मिळावी म्हणून सगळीकडे असंही, आणि काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण थंड छपराखाली मॅचचे चार तुकडे झाले की जाहिरातीला दोन ठरलेल्या वेळा मिळतात, हे तुझ्या मित्रांना दिसलं त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

तू खेळतोस म्हणून तुला अजून एक सांगते. ब्रेकने मॅच बदलते. २०१४ ला फोर्टालेझामध्ये नेदरलँड्स-मेक्सिको, मेक्सिको १-० पुढे, ७६व्या मिनिटाला पाण्याचा ब्रेक झाला, डच कोच व्हॅन गाल यांनी त्या वेळात टीमची रचना बदलली, नंतर ते उघडपणे बोलले पण यावर, आणि ८८व्या मिनिटाला स्नायडर, शेवटी वाढवून दिलेल्या मिनिटांत हुंटेलारची पेनल्टी, मेक्सिको घरी. त्यांनी नियमातच राहून केलं, त्यांना दोष नाही. पण दमलेल्या समोरच्या टीमवर दाब ठेवून ठेवून ती मोडते ना, ती गंमत, ती मेहनत, मध्येच शिट्टी वाजवून थांबवायची असेल तर कारण ऊन असावं, दुसरं काही नाही.

प्रश्न : तुम्ही सगळे जाहिरातीवर तुटून पडता, पण हक्काचे एवढे पैसे चॅनल आणणार कुठून? मी स्वतः जाहिरात एजन्सीत आहे, लोअर परळला. फुकट काही नसतं.
– एक वाचक, दादर

उत्तर : प्रश्न योग्य आहे, आणि जाहिरात नकोच असं मी म्हणत नाही. फक्त फुकटचं म्हणाल तर लालबागची मंडळी दर महिन्याला केबलचं बिल भरतात, कुणी ॲपचं सबस्क्रिप्शन घेतं, ते पैसे वेगळे, आणि त्यावर ही पट्टी वेगळी.

मार्ग निघतो. १९९० चा वर्ल्ड कप अमेरिकेत ज्या चॅनलवर होता त्याने चालू खेळात जाहिराती घुसवल्या, लोक भडकले. १९९४ ला वर्ल्ड कप अमेरिकेतच झाला, आणि एबीसी-ईएसपीएनने ४५ मिनिटं एकही ब्रेक न घेता दाखवला, स्पॉन्सरचं छोटं चिन्ह घड्याळाशेजारी ठेवलं आणि बाकी सगळं मॅचआधी, हाफ टाइमला आणि नंतर. जाहिरातींवर जगणारा तो देश, त्याला जमलं. तुमच्या धंद्यातलं तुम्हाला जास्त कळतं, पण गोल झाकणाऱ्या पट्टीवर ज्याचं नाव असतं त्याला त्या क्षणी चाळीतली दहा माणसं काय म्हणतात ते एकदा येऊन ऐका, मग त्या क्लायंटला घड्याळाशेजारची जागा सुचवणं तुम्हालाच बरं वाटेल.

प्रश्न : तक्रार करायची तर कुठे? कुणी ऐकतं का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी नियम काय ते सांगते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४, यातला नियम ७. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरात, त्यातली १० बाहेरची आणि २ चॅनलची स्वतःची. आणि त्यातच असंही आहे की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे आणि कार्यक्रमात अडथळा आणता कामा नये, उदाहरण म्हणून पडद्याच्या खालच्या भागात चालवलेली पट्टीच दिलीय! टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या ट्रायने मे २०१२ मध्ये याच्याही पुढे जाऊन लिहिलं होतं, पडद्याच्या एका भागात दाखवायच्या जाहिराती बंद, आणि लाइव्ह खेळात जाहिरात फक्त खेळ थांबल्यावर, फुटबॉल-हॉकीत हाफ टाइमला. चॅनलवाल्यांनी विरोध केला, मार्च २०१३ च्या दुरुस्तीत ही दोन्ही कलमं गेली, १२ मिनिटांची मर्यादा राहिली, आणि तीही दिल्ली हायकोर्टात गेली, तिथे चॅनलवर सक्तीची कारवाई करू नका असा अंतरिम आदेश झाला. ती २०१२ ची कलमं परत आली पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला जे हवंय ते त्यात शब्दाशब्दाने लिहिलेलं होतं.

तरी तक्रार करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक चॅनलला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याचं नाव-पत्ता चॅनलच्या वेबसाइटवर मिळतो. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर चॅनलांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्याच्यावर सरकारच्या समितीकडे जाता येतं. आपल्या मुंबईतल्याच ॲस्कीकडे, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, लोक यासाठी लिहितात, पण ती संस्था मुख्यतः जाहिरातीत काय दावा केलाय ते बघते, तेव्हा सुरुवात चॅनलपासूनच करा.

लिहिताना राग पहिल्या ओळीत आणू नका, त्याने समोरच्याचं काम सोपं होतं. तारीख, चॅनल, कुठली मॅच, घड्याळात कितवं मिनिट, पडद्यावर कोणती पट्टी होती आणि तिच्यामागे काय दिसायचं राहिलं, एवढं लिहा, मोबाइलवर टीव्हीचा फोटो काढला असेल तर जोडा, आणि नियम ७ चा उल्लेख करा. लालबागच्या मंडळींनी सगळ्यांनी मिळून एक न पाठवता प्रत्येकाने आपली वेगळी पाठवावी, पोच प्रत्येकाला द्यावी लागते.