मावशीवर लिहिताना

गेलेल्या मावशीवर आठवणींचा लेख पहिल्यांदाच लिहितोयस, म्हणून सांगतो: ‘प्रेमळ, मनमिळाऊ, सुगरण’ हे तीन शब्द आधी खोडून टाक. पेपरातल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या चौकटीत ते असतातच. त्यापेक्षा तिच्या रोजच्यातलं काहीतरी धर. माझ्या आत्यावर लिहिताना मी आठवडाभर अडून बसलो होतो. मग सहज तिचा मसाल्याचा डबा उघडला. झाकणाखाली हळदीने पिवळी पडलेली चिठ्ठी, दूधवाल्याच्या खाड्यांची. शेवटचा खाडा तिने दोनदा गिरवलेला. लेख तिथूनच सुरू झाला.

काकांशी बोल, पण ‘मावशी कशी होती?’ असं थेट विचारू नकोस; माणूस गप्प होतो. लग्नाचा अल्बम समोर ठेव आणि नुसता बस. तुला दिसली ती सुट्टीतली, लाड करणारी मावशी. त्यांची बायको वेगळीच असणार: पगार महिनाअखेरपर्यंत पुरवणारी, चार-चार दिवस अबोला धरणारी. एखादं भांडण येऊ दे लेखात, अर्थात काका हो म्हणाले तरच.

तारखा तपासून घे. लग्नाचं साल पत्रिकेवर मिळेल.

आणि तेराव्याला वाचायची घाई नको, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची अविधवा नवमी भाद्रपद वद्य नवमीला येते. सवाष्ण जेवायला बोलावतात, ओटी भरतात. तुमच्याकडे करत असतील तर त्या दुपारी, जेवणं उरकल्यावर वाच. दीड पान पुरे. काकांची प्रत तेवढी मोठ्या अक्षरात छाप.